काळ्या पट्टीवरची पावलं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज कामावर रुजू झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. सकाळी निघताना चपला पुसून घातल्या, आणि आपल्याला बघायला कोण बसलंय असं वाटून स्वतःचंच हसू आलं.

केंद्र शनिवार पेठेत आहे, एका इमारतीच्या तळमजल्यावर. पूर्वी इथे बँकेची शाखा होती. काउंटर काढून टाकलेत, त्यामुळे खोली लांबच लांब झाली आहे आणि काउंटर होतं तिथली फरशी अजून नवी दिसते. पक्षाघात झालेल्या माणसांना इथे पुन्हा चालायला शिकवतात. केंद्र चालवते डॉक्टर ऋतिका. तिशीही गाठली नसेल. माझं शिक्षण विचारलं. म्हटलं, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात. ती हसली नाही, हे मला आवडलं. मग म्हणाली, काकू, मला डिग्री नकोय, नजर हवीय. साडेतीन वर्षं तुम्ही एका माणसाला रोज चालताना बघितलंय, तेवढं माझं इंटर्नशिपमध्येही झालं नव्हतं.

तो एक माणूस म्हणजे आमचे हे, श्रीनिवास. जाऊन अकरा महिने झाले.

काम असं. खोलीभर दहा मीटरची काळी रेक्झिनची पट्टी अंथरलेली. पेशंटच्या तळव्यांना कॅरमची पावडर लावायची आणि अनवाणी चालायला सांगायचं. ऋतिका बाजूने फरशीवरून चालते, पट्टीवर दुसऱ्या कुणाचा पाय पडता कामा नये. पांढरी पावलं उमटतात. पट्टीच्या कडेला इंच-पट्टीसारख्या खुणा आहेत, त्यावरून मी लंगड्या बाजूच्या पावलाची लांबी, म्हणजे मागच्या ठशापासून ते किती पुढे पडलं ते मोजायचं, अंगठा घासत गेला असेल तर ती रेघ मोजायची, रजिस्टरात प्रत्येकाच्या पानावर लिहायचं आणि ओल्या फडक्याने पट्टी पुसायची. मग पुढचा पेशंट. ऋतिकाच्या सरांची ही पद्धत. यंत्रापेक्षा तिचा हिच्यावर विश्वास जास्त.

नियम एकच सांगितला. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही. आणि दर आठवड्याला मोजायचंच, कारण कुणीतरी आपलं पाऊल मोजतंय एवढ्यानंच निम्मी माणसं सुधारतात.

घरी येऊन भात टाकला. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

गुरुवार, ९ जानेवारी

पट्टीचं काम मंगळवारी आणि गुरुवारी असतं. पेशंट हळूहळू ओळखीचे होतायत.

पहिले आगाशे. गणिताचे निवृत्त शिक्षक, डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. मी पावडर लावायला खाली बसले तर म्हणाले, बाई, पायावर डोकं ठेवायचं असेल तर ठेवा, आशीर्वादाचा उजवा हात अजून चालतो. पाऊल तीस सेंटिमीटर. म्हणाले, एवढ्या वेगाने शाळेतून घरी गेलो असतो तर दुसऱ्या दिवशीची घंटा वाटेतच झाली असती.

दुसऱ्या बायडाबाई. लोणी काळभोरहून येतात, बरोबर नवरा मच्छिंद्र. भाद्रपदात अंगावरून वारं गेलं म्हणतात. उजवा पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात, पंजा लोंबतो. पाऊल वीस. पुन्हा चालायला लागल्यावर कुठे जाणार, असं ऋतिका प्रत्येकाला विचारते. कुणी सारसबाग म्हणतं, कुणी अमेरिकेत मुलाकडे. बायडाबाई म्हणाल्या, कुटं न्हाई बया, मोरीत. चार महिनं सून धरून नेतीया. माजं मी जाऊन यायचं, बास. मच्छिंद्रभाऊ खाली बघत राहिले. ऋतिकाने ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

हेही शेवटी तेवढंच मागायचे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायडाबाईंनी घरच्या तिळाचे लाडू आणले. आगाशे म्हणाले, गोड बोलायला आणखी एक स्ट्रोक यावा लागेल. पाऊल बत्तीस. बायडाबाईंचं बावीस. दोघांचं वाढलं की मलाच पास झाल्यासारखं वाटतं.

आज लिहून टाकते. शेवटच्या आठ दिवसांत मी ह्यांना चालवलं नाही. माझी पाठ धरली होती. रोज म्हणायचे, आज जरा चालू या. मी रोज म्हणायचे, उद्या. नवव्या दिवशी सकाळी खुर्चीतच गेले. कुणी मला दोष दिला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

आगाशे चौतीस. पण पट्टीवर आज आणखी काहीतरी होतं.

आगाश्यांच्या पावलांमध्ये दुसरी पावलं दिसली. फिकट, एकेक जेमतेम बारा सेंटिमीटर पुढे पडलेलं. आगाश्यांच्या पावलावर पाय पडून त्याला जी पूड लागली, तीच पुढे उमटल्यासारखी. स्वतःची पूड नसल्यासारखी. मला वाटलं कुणीतरी अनवाणी पट्टीवरून गेलं. ऋतिकाच्या पायांत बूट. मी कडेला टेबलाशी. आगाश्यांची बायको बाहेर बाकावर, पायांत मोजे.

डाव्या पावलाला बोटं चार. करंगळीच्या जागी काही नाही.

पुसून टाकलं.

गुरुवार, २३ जानेवारी

आज पुन्हा. मच्छिंद्रभाऊ चपला दाराबाहेर काढतात, म्हणून त्यांना पाय दाखवायला सांगितले. म्हणाले, ताई, पाय बघून पोरगी देताय का काय? सगळे हसले. दहाच्या दहा बोटं.

ह्यांची डावी करंगळी साखरेपायी काढली होती. ससूनला, सात वर्षांपूर्वी. ड्रेसिंग मीच करायची. ते पाऊल मला अंधारातही ओळखता येईल, इथे तर खिडकीतून ऊन येत होतं.

भीती वाटली नाही. का कोण जाणे, लाजल्यासारखं झालं.

मंगळवार, २८ जानेवारी

दिसेल ते लिहायचं, असा नियम आहे. रजिस्टरात मागचं कोरं पान उघडलं आणि वर नाव घातलं. श्रीनिवास. बाजू डावी. पाऊल पंधरा सेंटिमीटर. अंगठ्याची रेघ सात.

बारावरून पंधरा. घरी ह्यांना एक फरशी ओलांडता यायची नाही.

वाटेत गजरा घेतला. माळायला नव्हे, नुसता ओंजळीत धरून बसमध्ये बसले. म्हटलं, चालायचं राहिलं होतं ना, मग चाला आता. मी आहे मोजायला.

ऋतिकाने ते पान बघितलं. म्हणाली, काकू, तुम्ही काकांचं पण रेकॉर्ड ठेवलं होतं? किती गोड. मी हो म्हटलं.

आगाश्यांचं आज थोडं कमी भरलं, एकतीस. थंडीने असेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ह्यांचं अठरा. अंगठ्याची रेघ निम्म्यावर आली. पाऊल ठळकही झालंय, टाचेची भेग दिसते.

आगाशे अठ्ठावीस. ऋतिका त्यांना घरी व्यायाम करत नाही म्हणून बोलली. ते नेहमीसारखं काही म्हणतील असं वाटलं, पण ते चपला घालून निघाले. जाताना फक्त मला विचारलं, बाई, माझ्या मागून कोणी येतं का हो?

मी नाही म्हटलं. वाटेल ते बोलायचं नाही असा काही नियम नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ह्यांचं बावीस. आगाशे चोवीस.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पानं शेजारी ठेवली. ह्यांचे तीन वाढले, आगाश्यांचे तीन गेले. पुन्हा तीन, पुन्हा तीन. आज चार, तर चार. अर्धा सेंटिमीटरसुद्धा इकडचा तिकडे नाही.

डबा तसाच राहिला.

आगाशे स्वतः गणिताचे. त्यांना दाखवलं असतं तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आगाशे आले नाहीत. काल सकाळी त्यांना दुसरा झटका आला. बायको फोनवर ऋतिकाला सांगत होती, आता कूसही बदलता येत नाही. ऋतिका डोळे पुसून म्हणाली, होतं असं, आपल्या हातात नसतं.

बायडाबाई सव्वीस! परवा भिंत धरून एकट्या मोरीत जाऊन आल्या. सून रानात होती. ते सांगताना पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मच्छिंद्रभाऊ म्हणाले, ही आतून कडी लावून बसली, मी भायेर घाबरा, आन ही आत गाणं म्हणतीया.

मी त्यांच्यामागच्या पट्टीकडे बघितलं. स्वच्छ होती. घरी जाऊन देवापुढे दिवा लावला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

स्वच्छ नाही.

आज मी ते होताना बघितलं. बायडाबाई पाऊल उचलून पुढे गेल्या. मागे उमटलेलं त्यांचं पांढरं पाऊल तसंच होतं, आणि मग त्यावरची पूड दबली. वरून कुणी पाय ठेवावा तशी. मग पुढे, रिकाम्या काळ्या जागेवर, चार बोटं. सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता.

बायडाबाई तेवीस. ह्यांचं पंचवीस.

मी हळूच म्हटलं, अहो, पुरे आता. ऋतिकाला वाटलं तिला म्हणाले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परवा निघताना ह्यांच्या नावाचं पान रजिस्टरातून फाडून आणलं होतं, ते जाळलं. आणि आज कामावर गेले नाही. माझ्यामुळे येत असतील तर मीच नसलेली बरी, असं वाटलं.

साडेबाराला ऋतिकाचा फोन आला. काकू, पट्टीवर कुणीतरी अनवाणी चालतंय, मोजताना गोंधळ होतो, तुमच्या लक्षात आलं होतं का? बायडाबाई किती, असं मी विचारलं. वीस. जिथून सुरुवात केली तिथेच.

पान जाळून उपयोग नाही. एकदा मोजायला घेतलं ते घेतलं.

संध्याकाळी मच्छिंद्रभाऊंना फोन केला. म्हटलं, दुसरं केंद्र बघा, हडपसरला चांगलं आहे, तुम्हाला जवळही पडेल. म्हणाले, न्हाई ताई, हितंच गुण आला, आता हितंच यील. मागून बायडाबाईंचा आवाज आला. विचारत होत्या, त्या ताईंना इचारा, माजं काय चुकलं?

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे असे नव्हते. बसमध्ये पाय दुखत असताना उठून जागा द्यायचे. दुसऱ्याच्या ताटातलं कधी—

म्हणजे ह्यांना माहीत नाही. आपल्या पुढे कोण चाललंय ते त्यांना दिसत नसणार. नाहीतर माहीत आहे आणि थांबता येत नाही. किंवा हे ते नव्हेतच. तिसरं मी मानणार नाही.

पुढे जो चालतो त्याचं जातं. एवढं तर नक्की.

मग पुढे मी चालेन. आठ दिवसांचं देणं माझ्याकडे आहेच.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ऋतिका येण्याच्या आधी केलं. तळव्यांना पावडर लावली आणि पट्टीवरून चालत गेले. मागे वळून बघितलं नाही. अर्ध्यावर गेल्यावर मानेला गार लागलं. बाम आणि खोबरेल तेलाचा वास आला. ह्यांचाच.

माझं पाऊल पन्नास होतं, ते परतताना पंचेचाळीस. ह्यांचं अठ्ठावीसचं तेहेतीस.

अकराला बायडाबाईंच्या मागे काही नव्हतं. बावीस भरलं. मी बाकावर बसून रडले. ऋतिकाने पाणी दिलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ह्यांचं एक्केचाळीस. माझं सदतीस.

बायडाबाई पंचवीस.

घरचा जिना उतरताना उजवा पाय कुठे ठेवला ते कळत नाही. ऋतिकाने तोंडाकडे निरखून बघितलं, काकू जरा हसून दाखवा, म्हणाली. मी हसून दाखवलं, उजवा ओठ मागे राहिला. तिला ते आवडलं नाही. उद्याच तपासून घ्या म्हणाली. मंगळवारनंतर, म्हटलं.

ह्यांना अजून थोडंच हवंय. भरलं की थांबतील.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी साडेआठ. टेबलाशी बसून लिहितेय. पेन बोटांतून निसटतं.

आज ह्यांची पावलं माझ्या बाजूने पुढे गेली. सरळ, लांब. रेघ नाही. तरणे असतानाही हे असे चालत नव्हते. पट्टी संपली तरी फरशीवर उमटत गेली. दारातून पायरीवर. पायरीवरून रस्त्यावर. दूधवाल्याच्या सायकलपाशी वळली.

मी हाक मारली. निदान थांबायचं. निदान एकदा—

उजवा हात

गुरुवार, ३ एप्रिल

डाव्या हाताने लिहिते. अक्षर वाईट.

महिना झाला. उजवी बाजू गेली. बोलते ते कुणाला कळत नाही, बहिणीलाही नाही. नुसतं बा बा होतं. डोकं मात्र साफ आहे.

ऋतिकाने मला केंद्रात आणलं. रजिस्टरात माझ्या नावाचं पान उघडलं. मोजायला ती स्वतः खाली बसली.

बायडाबाई छत्तीस. कुणाला न धरता. मोरीत, गोठ्यात, शेजारणीकडे, सगळीकडे जातात. त्यांचं इथलं काम संपलंय, पण मला बघायला आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, ताई, तुमी मला चालीवलं, आता मी तुमच्या म्होरं चालती. तुमी माज्या मागनं या.

त्या पुढे, मी मागे. चौदा सेंटिमीटर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, ८ एप्रिल

माझं अठरा.

बायडाबाईंचं बत्तीस.

ऋतिका म्हणाली, उन्हाचा प्रवास, दमल्या असतील.

मला ते कळलं. पायात कळलं. त्यांच्या पावलावर माझं पाऊल पडलं आणि तळव्यातून ऊब चढली. तहानेल्याला पाणी मिळावं तशी. थांबायचं होतं. पाय थांबला नाही. चांगलं वाटलं. देवा, किती चांगलं वाटलं.

ह्यांना असंच होत असेल. म्हणून—

मान हलवून नको नको केलं. ऋतिका म्हणते, हे डिप्रेशन. सगळ्यांना येतं.

गुरुवार, १० एप्रिल

बहिणीने खुर्चीत बसवून आणलं. ऋतिकाला दाखवायला वही मांडीवर.

बायडाबाई आल्या. दारात चपला काढतायत. हसतायत. जरा लंगडतायत.

खुर्ची धरून ठेवली. बहिणीने आणि ऋतिकाने बोटं सोडवली. हसत.

ऋतिका, वाच. आगाश्यांचं पान आणि जाळलेलं वाच— नाही, जाळलं. माझं वाच. चौदा अठरा. त्यांचं छत्तीस बत्तीस. वजाबाकी कर.

ती पावडर लावतेय. वही बघत नाही.

पाय आपोआप उचलला. मी नाही उचलला.

त्या पुढे उभ्या राहिल्या. म्हणतात, या ताई.

ऋतिका त्यांना माझ्या पुढून काढ त्यांना मोरीत एकटं जायचं अस